बार्शीटाकळीच्या निळीची पारख

अकोल्याला हौसेनं कोणी जात नाही, असं आम्हा अमरावतीकरांचं पिढीजात मत आहे. लग्नाला जावं, फार तर गाडी बदलायला उतरावं आणि ऊन चढायच्या आत घर गाठावं. त्यामुळे यंदा दिवाळीनंतर मी अकोल्याला तीन दिवस राहून आले, आणि तेही जपानी बाहुल्या पाहायला, हे कळल्यावर आमच्या गल्लीत चार दिवस दुसरा विषय निघाला नाही. ज्यांनी तोंडावर विचारलं आणि ज्यांनी पदराआड हसून घेतलं, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल. गेली पंचवीस वर्षं मी दातांच्या कवळ्या करते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, दात मी घडवते. माणसाच्या दातात पांढऱ्याच्या पंधरा-सोळा छटा असतात आणि शेजारच्या दाताशी छटा जुळली नाही, तर पेशंट डॉक्टरांना सोडून आधी मला शिव्या देतो. काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी रडवेल्या तोंडानं माझ्या लॅबच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात वीतभर उंचीची एक मूर्ती होती. जपानी चित्रमालिका असतात ना, ॲनिमे म्हणतात त्यांना, त्यातल्या कुठल्याशा योद्ध्याची. गुडघा, कोपर, मनगट, सगळं वळणारी. तिचं एक बोट तुटलं होतं. मी कवळीच्या मसाल्यातून बोट घडवलं, रंग जुळवला आणि परत दिलं. नवं बोट कोणतं हे त्या मुलीला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. ती पुढे नोकरीला हैदराबादला गेली आणि नाद माझ्या गळ्यात घालून गेली.

आता माझ्या काचेच्या कपाटात साठेक मूर्ती आहेत. यजमान त्यांना 'तुझं दुसरं सासर' म्हणतात. वऱ्हाडातल्या हौशी लोकांचा मोबाईलवर एक गट आहे आणि त्यात कोणाला आपल्या मूर्तीबद्दल शंका आली, की उत्तर ठरलेलं असतं, ताईंना विचारा. अस्सल जपानी कोणती आणि साच्यावरून साचा काढलेली डुप्लिकेट कोणती, हे मी फोटो पाहून सांगते. सांगत होते, असं म्हणायला हवं. मला या गोष्टीचा गर्व होता आणि तो लपवायची मला कधी गरज वाटली नाही.

तर गोष्ट अशी. निळ्या केसांची, स्वतःच्या उंचीहून लांब तलवार पेलणारी एक योद्धी आहे. तिची पहिली आवृत्ती फार थोडी निघाली. आम्ही तिला नुसतं 'निळी' म्हणतो. माझ्याकडे एक आहे. कोजागिरीच्या सुमाराला गटावर दुसऱ्या एका निळीचा फोटो आला. पाठवणारी होती पल्लवी गावंडे. गाव बार्शीटाकळीजवळचं, नोकरी अकोल्याच्या एका बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत. मी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, 'चेहरा पिवळट, कातडी चकचकीत, तलवार वाकडी. डुप्लिकेट.' डुप्लिकेट मालाच्या या तीन खुणा कोणीही सांगेल. गटात पुण्याचेही काही जाणकार आहेत, त्यांनी माझ्या उत्तराखाली अंगठे उंचावले. मग कोणीतरी 'बोगस' हा शब्द काढला. ज्या मुलीचं रोजचं कामच बोगस बियाणं पकडायचं, तिला बोगस म्हटलं गेलं. तिच्याकडून पूर्वी मूर्ती घेतलेल्या दोघांनी आपल्याही मूर्तींवर शंका काढली. 'कंपनीचा बंद डबा मी सोता फोडला हाय,' एवढं एकच वाक्य तिनं लिहिलं आणि ती गप्प झाली.

मोर्शी ते अकोला

भाऊबीजेला माहेरी मोर्शीला गेले होते, तिथेच अकोल्याहून अशफाकभाईंचा फोन आला. अशफाकभाई आमच्या गटातले सर्वांत जुने हौशी. रविवारी अकोल्यात वऱ्हाडातल्या मूर्तींचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं. कल्पना पल्लवीची, हॉल तिनंच मिळवलेला, आणि आता तिघा जणांनी निरोप धाडला होता, की तिचं टेबल लागलं तर आम्ही येणार नाही.

"ताई, तुमच्या एका ओळीनं झालं हे," अशफाकभाई म्हणाले. "एक खेप येऊन हातात घेऊन पाहा. मंग जे म्हनसान थे कबूल."

मी माझी निळी बरोबर घ्यायचं ठरवलं, शेजारी ठेवून ताडून पाहायला. ती अमरावतीहून मी सोबतच आणली होती, भाच्यांना दाखवायला. तिला न्यावी कशी, हा प्रश्न भावानं सोडवला. आमच्या घरी संत्र्याच्या पेट्या भरण्यात तीन पिढ्या गेल्या. त्यानं तळाला तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरलं, निळीला मधोमध निजवलं, कडेनं तणीस ठासलं आणि तलवार वेगळी गुंडाळली.

"एक ध्यानात ठेव," तो म्हणाला. "मालाले माल लागला का डाग पडला समज. संत्र असो का तुयी भावली."

बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसले. बडनेऱ्याच्या पुढे शेजारच्या बाईंना राहवेना.

"कशी देली व संत्री?"

"विकायची नाहीत."

"मंग दाखवा तं खरी. आंबट हाय का गोड?"

मी तणीस थोडं बाजूला सारलं. निळे केस, मोठे मोठे डोळे वर आले. बाई दोन मिनिटं पाहत राहिल्या.

"कोनाची पोरगी व ही?"

"जपानची."

"अन् तलवार घेऊन कुठं चालली?"

"अकोल्याले."

"मंग बराबर हाय," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळून झोपल्या.

अकोला, चष्म्याच्या दुकानात

अशफाकभाईंचं चष्म्याचं दुकान आहे. एका भिंतीवर फ्रेमा, समोरच्या भिंतीवर मूर्ती. ज्याला दूरचं दिसत नाही, त्याला ते अक्षरांचा तक्ता न दाखवता आधी वरच्या फळीवरच्या राक्षसाच्या शिंगांना किती टोकं आहेत ते विचारतात. चहाबरोबर आलूपोहे आले, वर तर्री. आमच्या अमरावतीला पोह्यांवर रस्सा घालतात तो चवीपुरता, इथे पोहे शोधावे लागतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर अशफाकभाईंनी चष्मा पुसायचा रुमाल पुढे केला.

या दुकानात मला एक गोष्ट शिकायला मिळाली. पुण्या-मुंबईचे लोक मूर्तीची पत ठरवताना डब्यापासून सुरुवात करतात. डबा न फोडलेला असेल तर सर्वांत वरचा मान, कोपरा दबला असेल तर एक पायरी खाली. अकोल्यात हे चालत नाही. इथे वैशाखात मूर्तीच्या प्लॅस्टिकला घाम फुटतो, घोटे मऊ पडतात आणि सकाळी ताठ उभी असलेली वीरांगना संध्याकाळी नमस्काराला वाकलेली सापडते. म्हणून अकोलेकर उन्हाळे मोजतात. मूर्तीनं किती उन्हाळे उभ्यानं काढले, ही तिची पहिली परीक्षा.

"डब्यात बसलेल्याचं काय कौतुक?" अशफाकभाई म्हणाले. "डब्यात तं कोनीबी सरळ राह्यते. हा राक्षस पाहा, सहा उन्हाळे झाले, टाच हालली नाई."

मला ही पद्धत फार आवडली. मी अमरावतीची असून हे लिहिते आहे, यावरून काय ते समजा.

मग त्यांनी विषय काढला. "ताई, राग नोका धरू. बैल घ्याचा असन तं फोटो पाहून घेता काय? दात पाह्यता, खूर पाह्यता, चालवून पाह्यता. पोरीच्या इज्जतीचा सवाल होता, अन् तुमी मोबाईलवर निकाल देऊन मोकया झाल्या."

मला राग आलाच. चार लोकांत माझ्या नजरेवर बोट ठेवण्याची कोणाची हिंमत झाली नव्हती. पण राग कशाचा आला, हे मला तिथेच कळलं होतं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

बार्शीटाकळीच्या अलीकडे

शनिवारी सकाळी पल्लवी मला घ्यायला आली. तिशीच्या आतली, सावळी, ताठ मानेची मुलगी. 'या' एवढंच म्हणाली आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळी जमीन, सोयाबीन निघून मोकळी झालेली वावरं, कुठे हरभऱ्याची पेरणी, आणि कपाशी तर अशी फुटली होती की मला ती नुसती पाहत बसावंसं वाटलं. तूर पिवळ्या फुलांनी भरली होती. मी पेटी पोटाशी धरून मागे बसले होते. गावाच्या फाट्यावर तिनं स्कूटी थांबवली आणि मागे न पाहता ती बोलली.

"ताई, डुप्लिकेट असन तं तोंडावर सांगजा. घरी काईच ठाऊक नाई. मायबापाले नोका सांगू."

घर स्लॅबचं, पुढे पत्र्याची ओसरी. पल्लवीचे वडील सुपारीएवढा तंबाखू हातावर मळत बसले होते. आई, इंदूबाई, चुलीपाशी. मी पिशवीतून भिंग काढणार, तोच इंदूबाईंनी ताट पुढे सरकवलं.

"आधी जेवा, मंग काय थे पारखा. उपाशी मानसाले सगळं खोटंच दिसते."

पाटवड्यांचा रस्सा, ज्वारीची भाकर, ठेचा, कच्चा कांदा. बेसनाच्या वड्या इतक्या मऊ आणि तरी रश्श्यात न फुटणाऱ्या मी आजवर खाल्ल्या नव्हत्या. माझ्या सासूबाईंचा हात या बाबतीत अमरावतीत नावाजलेला आहे, तरीही लिहिते. तीन भाकरी झाल्या. चौथीला मी नको म्हटलं तर वडील म्हणाले, "अमरावतीचे लोक जेवतात कमी अन् बोलतात जास्त." पल्लवी प्रथमच हसली आणि लगेच गंभीर झाली.

मग ओसरीवर पांढरा टॉवेल अंथरला. डावीकडे माझी निळी, उजवीकडे तिची. वडील जवळ सरकले, कारण पारख म्हटली की शेतकऱ्याला बसवत नाही. मी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा काढला. दोघींचं वजन सारखं. तळपायावर जपानी कंपनीचा ठसा असतो, तो भिंगाखाली घेतला. डुप्लिकेटवर ही अक्षरं बुजलेली असतात, इथे एकेक रेघ कोरीव होती. गुडघ्याची खीळ, मानेचा खटका, बुबुळाच्या छपाईची कड, सगळं अस्सल. मी पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिलं. पल्लवी खांबाला टेकून उभी होती, माझ्या हाताकडे पाहत.

पण चेहरा पिवळा होता. कातडी चमकत होती. तलवार टोकाशी वाकलेली होती. फोटोत पाहिलं ते खोटं नव्हतं. माझी मोठी पंचाईत झाली. अंग सगळं अस्सल आणि खुणा सगळ्या नकलीच्या, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मूर्ती नाकाशी नेली. खोबरेल तेलाचा वास.

"हिला तेल कोणी लावलं?"

"तेल?" पल्लवी म्हणाली. "माह्या कपाटाले कोनी हात लावत नाई. मले वाटलं उन्हाळ्यानं पिवळी पडली."

चुलीपाशी भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

मी छटांची पट्टी काढली, दातांसाठी वापरते तीच, आणि चेहऱ्याशी धरली. पिवळा रंग सगळीकडे सारखा नव्हता. कपाळाच्या मधोमध गडद, अंगठ्याएवढा, आणि तिथून खाली पुसट होत गेलेला. दुसरा गडद ठिपका तलवारीच्या मुठीवर. आणि मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. ही छटा मी पंचवीस वर्षं रोज पाहते आहे. तात्पुरती बसवलेली दाताची टोपी आठवडाभर वरणभात खाल्ला की याच रंगाची होऊन परत येते. डॉक्टरसुद्धा ज्याला किडीचा डाग समजतात, तो मी दुरून ओळखते. पण जपानी बाहुलीच्या कपाळी ती असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

स्पिरिटचा बोळा कपाळावर फिरवला. कापूस पिवळा झाला.

"भाऊ, चुन्याची डबी द्या बरं."

वडिलांनी तंबाखूच्या पिशवीतून डबी काढून दिली. बोळ्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि नखावर चुना घेऊन लावला. पाहता पाहता पिवळा कापूस लालभडक झाला.

"कुकू!" वडील म्हणाले.

"हळद," मी म्हटलं. "कारखान्याचा रंग चुन्यानं लाल होत नाही. हळद होते."

 मग इंदूबाई पदराला हात पुसत ओसरीवर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज खणखणीत होता.

"मीनं लावली. खंडेनवमीले. इळे पुजले, कोयते पुजले, वखराची पास पुजली, फवाऱ्याचा पंप पुजला, शिलाईची मशीन पुजली. हिच्या हातात तं घरातली सगळ्यात मोठी तलवार. तिलेच सोडून देऊ काय?" त्या दम घ्यायला थांबल्या. "कनसाचा गुच्छा बी बांधला तलवारीले. चार दिस होता, तू तवा अकोल्यालेच होती. मंग हयद निंगेना. म्हनून तेलानं पुसली."

हळदीनं पिवळी, तेलानं चकचकीत, कणसानं वाकडी. माझ्या तीन खुणांपैकी एकही जपानची नव्हती.

पल्लवी खांबापासून पुढे आली. "आई, तीन हप्ते झाले, लोक मले बोगस म्हनून राह्यले. प्रदर्शन माह्यं, अन् मलेच तिथं येऊ नोको म्हनून राह्यले. तुले एकदा सांगता नाई आलं?"

"मले काय मालूम?" इंदूबाईंचा आवाज आता चढला. "तू मोबाईल पाहून पाहून रडून राह्यली होती. मीनं इचारलं, काहून रडतं? तू म्हने काई नाई. तू सांगतलं असतं तं मी नसतं सांगतलं काय?"

 वडिलांनी चुन्याची डबी बंद केली आणि उगाच पुन्हा उघडली. मग पल्लवी खाली बसली आणि डोक्याला हात लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इंदूबाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच टेकल्या.

हळदीचा डाग उन्हाला फार टिकत नाही, हे कवळीवाल्यांना माहीत असतं. उन्हाळ्यात हा उपाय करता आला नसता, निळी वितळलीच असती, पण कार्तिकाचं ऊन सौम्य होतं. तेल साबणानं उतरवलं आणि निळीला गच्चीवर टॉवेलवर निजवलं. गावात वानरांचा सुळसुळाट. इंदूबाई काठी घेऊन राखणीला बसल्या आणि कोणी म्हटलं तरी उठल्या नाहीत. दुपारभर काठी ठोकत बसलेली ती बाई आणि शेजारी आडवी पडलेली निळ्या केसांची जपानी योद्धी, हे दृश्य पाहायला शेजारणी कठड्यापाशी जमल्या होत्या. मी मधल्या वेळात चुलीवरच्या गरम पाण्यात तलवार मऊ केली, काचेवर दाबून सरळ केली आणि माठातल्या पाण्यात बुडवली. वडिलांनी एक डोळा मिटून तिची धार पाहिली. "आता बसली कासरा ताणल्यावानी सरळ," ते म्हणाले.

सूर्य कलला तोवर कपाळ स्वच्छ झालं होतं. डाव्या कानामागे, केसांखाली, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे मात्र पिवळी रेघ राहिली होती. मी ती पाहिली आणि काही बोलले नाही.

संध्याकाळी अकोल्याच्या बससाठी ती मला स्टँडवर सोडायला आली, तेव्हा मी पल्लवीला म्हटलं, "माझं चुकलं गं."

तिनं हेल्मेट काढलं. "मले इथं नोका सांगू, ताई. जिथं डुप्लिकेट म्हनलं होतं, तिथं सांगा."

पुन्हा अकोला

रविवारी हॉल भरला. चौदा टेबलं. पातूरहून दोन मास्तर आपल्या बायकांच्या लग्नातल्या रुखवताच्या पेट्यांत मूर्ती भरून घेऊन आले होते. एका आजोबांनी सात चकरा मारल्या आणि शेवटी विचारलं, की यातला देव कोणता आणि राक्षस कोणता ते एकदा नीट सांगा. एक बाई नऊवारीत आल्या होत्या आणि पंख असलेल्या मूर्तीची शिवण कशी घातली आहे ते वाकून पाहत होत्या. पुण्यातली प्रदर्शनं मी पाहिली आहेत. तिथे काचेला हात लावू देत नाहीत आणि लोक हळू आवाजात बोलतात. इथे कोणी हळू बोलत नव्हतं. 'हे कशी उभी राह्यते व?' 'पाय वाकवून दाखवा ना भाऊ!' असा गलबला, आणि प्रत्येक टेबलावरचा मालक कौतुकानं मूर्तीचे पाय वाकवून दाखवत होता. वऱ्हाडाचा इतका अभिमान मला फार दिवसांत वाटला नव्हता.

शेवटचं टेबल पल्लवीचं. बावीस मूर्ती, मधोमध निळी. न येण्याचा निरोप धाडणारे ते तिघेही आले होते, पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून.

दुपारी पारख सुरू झाली. ही अशफाकभाईंची रीत. पारखणारा आणि मालक समोरासमोर उभे राहतात. पारखणारा मोठ्यानं दर्जा सांगतो, अव्वल, दोयम किंवा सोयम. मालकानं 'मंजूर' म्हटलं तरच तो कागदावर चढतो, नाहीतर वाद सगळ्यांसमोर होतो. पारखणारी मी होते. निळीपाशी आले तेव्हा मी भिंग खाली ठेवलं.

"थांबा," मी म्हटलं. "या मूर्तीला मी फोटो पाहून डुप्लिकेट म्हटलं होतं. हातात न घेता, न विचारता. माझं चुकलं. ही अस्सल आहे. काल मी हिचं वजन केलं, ठसा पाहिला, खटके पाहिले. जे पिवळं दिसलं ती खंडेनवमीची हळद होती. जे बोलले ते मी बोलले, पल्लवीचा काही दोष नव्हता. गटावर आताच लिहिलं आहे, माझ्या नावानं."

 माझे कान तापले होते. पंचवीस वर्षांत माझ्या कवळ्या परत आल्या आहेत, पण चारचौघांत उभं राहून माझी नजर चुकली असं मी कधी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. मग मी मोठ्यानं दर्जा सांगितला.

"चार उन्हाळे. अव्वल."

टाळ्या पडल्या. इंदूबाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी सगळ्यांत आधी वाजवल्या. अशफाकभाईंनी कागदावर पेन टेकवलं.

"नामंजूर," पल्लवी म्हणाली.

टाळ्या थांबल्या. तिनं निळी उचलली, केस बोटानं वर धरले आणि डावा कान माझ्यासमोर आणला.

"हयद अजून हाय, ताई. कानामागं. भिंग लावून पाहा. डाग असन तं अव्वल होत नाई. दोयम लिहा."

मला ते आदल्या संध्याकाळीच दिसलं होतं आणि तिलाही माहीत होतं की मला दिसलं आहे. आपल्या हातून झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून मी चढा दर्जा देत होते, आणि ज्या मुलीला आम्ही सगळ्यांनी मिळून बोगस म्हटलं होतं, तिला तो नको होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण हातात भिंग होतं. मी कानामागची रेघ सर्वांसमोर पाहिली, कागद अशफाकभाईंकडून घेतला आणि स्वतः लिहिलं, दोयम.

"मंजूर," पल्लवी म्हणाली.

थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाचे ते तिघे आपापल्या मूर्ती घेऊन आमच्याकडे आले. मी भिंग उचललं आणि सरसावून उभी राहिले. ते माझ्यासमोरून पुढे गेले आणि पल्लवीच्या टेबलापुढे रांगेनं उभे राहिले. पहिल्यानं खाली मान घालून विचारलं, "ताई, हे जरा पाहून सांगता काय?"

तिनं माझ्याकडे हात पुढे केला. मी माझं भिंग तिच्या हातात दिलं आणि माझी निळी घेऊन रांगेत चौथी जाऊन उभी राहिले.